सोसायटीतल्या ट्रेझर हंटचे नियम: नंतर भांडण होऊ नये असे

गणपतीतल्या ट्रेझर हंटनंतर जी भांडणं होतात ती कोडी अवघड होती म्हणून क्वचितच होतात. एक टीम दुसरीच्या मागे मागे फिरली, कुणी दुसऱ्याची चिठ्ठी खिशात घातली, नाहीतर कोडी लिहिणाऱ्या काकूंचाच मुलगा जिंकला, ही खरी कारणं. तिन्हींचा बंदोबस्त आधीच करता येतो. इथे ६ टीम, प्रत्येकी ५ जण, असा हिशोब धरला आहे.

टीम ज्याच्या त्याला पाडू देऊ नका. कॉलेजची मुलं एकत्र येतात आणि बाकीच्यांचा खेळ तिथेच संपतो. चार डब्यांत नावांच्या चिठ्ठ्या टाका: ७ ते ११ वर्षं, १२ ते १७, १८ ते ५५ आणि त्यावरचे. दुसऱ्या डब्यातून प्रत्येक टीमला दोन, बाकीच्यांतून एकेक. कोडी ज्यांनी लिहिली किंवा पाहिली, त्यांच्या घरातलं कुणी खेळणार नाही. हा नियम वाईट वाटला तरी पाळायचाच.

आता मार्ग. सगळ्यांना एकाच क्रमाने सोडलं तर पहिली टीम डोकं चालवते आणि मागच्या नुसत्या तिच्या पाठी जातात. क्रम एकेक घर पुढे सरकवून दिला (१-२-३, २-३-४) तरी तेच होतं, कारण पुढची टीम कायम तीच राहते. म्हणून इमारतीभोवती साधारण सारख्या अंतरावर ६ जागा गोलाकार निवडा, त्यांना ओळीने क्रमांक द्या आणि हा तक्ता वापरा:

लाल: १ २ ६ ३ ५ ४
निळी: २ ३ १ ४ ६ ५
हिरवी: ३ ४ २ ५ १ ६
पिवळी: ४ ५ ३ ६ २ १
केशरी: ५ ६ ४ १ ३ २
पांढरी: ६ १ ५ २ ४ ३

यात एका जागेवरून कुठल्याही दोन टीम एकाच जागेकडे जात नाहीत, त्यामुळे पाठलाग करून काही हाती लागत नाही. जागा गोलात असल्याने चालणंही सगळ्यांना जवळपास सारखंच पडतं. सुरुवात आणि शेवट मधोमध, मंडपापाशी ठेवा.

कोडी मात्र सगळ्यांना तीच. ६ जागांची ६ आणि खजिन्याचं सातवं, प्रत्येकाच्या सहा रंगांत सहा प्रती, म्हणजे ४२ चिठ्ठ्या. प्रत्येक टीमची पहिली चिठ्ठी सुरुवातीलाच हातात द्या. बाकीच्यांसाठी प्रत्येक जागी सहा रंगांच्या सहा चिठ्ठ्या झिपच्या पिशवीत ठेवा, भाद्रपदात पाऊस कधीही येतो. प्रत्येक चिठ्ठीवर त्या रंगाच्या तक्त्यातल्या पुढच्या जागेचं कोडं, शेवटच्या जागी खजिन्याचं. पिशवीवर ‘खेळ चालू आहे, काढू नये’ असं लिहा आणि झाडूवाल्यांना व वॉचमनला आधी सांगून ठेवा. नाहीतर पिशवी कचऱ्यात जाते, किंवा वॉचमन प्रेमाने सगळ्यांना उत्तर सांगतो.

जागा फक्त तळमजल्यावर. गच्ची, लिफ्ट, मीटर रूम, पाण्याची टाकी आणि गाड्यांची ये-जा असलेलं पार्किंग वर्ज्य.

प्रत्येक कोडं खेळात नसलेल्या दोघांकडून सोडवून घ्या. ‘तोंड उघडं, पोटात पत्रं’ ऐकायला छान आहे, पण तीन विंगला तीन पत्रपेट्या असतील तर त्याची तीन उत्तरं होतात. मराठी न वाचणारी कुटुंबं असतील तर तेच कोडं मागच्या बाजूला हिंदीत द्या. शब्दांच्या कोट्या तेव्हा टाळाव्या लागतात, त्याला इलाज नाही.

दंडाचं गणित जरा जपून करा. सूचना स्वस्त असली की सगळे विकतच घेतात. कोडं सुटायला सरासरी ४ मिनिटं लागत असतील तर एका सूचनेला ३ मिनिटं आणि थेट उत्तराला ८ मिनिटं ठेवा. दुसऱ्या रंगाची चिठ्ठी हलवली किंवा फोटो काढून ग्रुपवर टाकला तर १५. फोन प्रत्येक टीममध्ये एकच, तोही फक्त अडचणीत कॉल करायला.

चिठ्ठी जागेवर नसेल तर टीमने लगेच मंडपापाशी आयोजकांच्या टेबलावर यायचं. तिथे ४२ चिठ्ठ्यांचा दुसरा संच हवाच. चिठ्ठी नसल्याचं कळवण्यापासून नवी हातात पडेपर्यंतचा वेळ त्या टीमच्या वेळेतून वजा करायचा.

वेळ टेबलावरच्या एकाच घड्याळात मोजा. पाचवा माणूस पोचला आणि आपल्या रंगाच्या सातही चिठ्ठ्या दिल्या की वेळ थांबते. त्यामुळे एकट्या पळणाऱ्याचा फायदा होत नाही आणि आजोबांना मागे सोडता येत नाही. खजिना आधी कुणी हातात घेतला याला किंमत नाही. ७५ मिनिटांनी खेळ बंद. अपुऱ्या राहिलेल्या टीमचा क्रम मिळालेल्या चिठ्ठ्यांवर. बरोबरी झाली तर कमी सूचना घेणारी टीम पुढे, तरीही फिटली नाही तर बक्षीस वाटून.

नियमांचं एकच पान सुरुवातीला मोठ्याने वाचा आणि शंका तेव्हाच विचारायला सांगा. तक्रार निकालानंतर १० मिनिटांत, फक्त कॅप्टनने, फक्त पंचाकडे करायची. पंच एकच, आणि शक्यतो दुसऱ्या सोसायटीतला.