पीपीएसएसपीपीमधली टच बटणं आपल्या हाताला बसतील अशी कशी लावावीत

पीएसपीचे, म्हणजे सोनीच्या हातात धरून खेळायच्या गेमयंत्राचे, गेम फोनवर सुरू केले की पहिल्या दहा मिनिटांतच अनेकांचा विरस होतो. गाडी वेळेवर वळत नाही, उडी मारायची तिथे ठोसा बसतो. गेम नीट असतो, फोनही नीट असतो. पण खऱ्या पीएसपीवर अंगठ्याला बटणाची कड लागायची आणि न बघता कळायचं की आपण कुठे आहोत. काचेवर ती कड नाही. म्हणून अंगठा बटणाकडे नेण्यापेक्षा बटण अंगठ्याखाली आणलेलं बरं. २०१२ पासून उपलब्ध असलेल्या पीपीएसएसपीपी या मुक्त इम्युलेटरमध्ये, म्हणजे पीएसपीचे गेम फोनवर चालवणाऱ्या ॲपमध्ये, त्याची उत्तम सोय आहे. गेम मात्र स्वतः विकत घेतलेल्या डिस्कवरून उतरवलेलेच वापरा.

मेनू उघडण्याआधी फोन आडवा धरा, डोळे मिटा आणि दोन्ही अंगठे सैल सोडा. ते जिथे आपोआप टेकतील ती जागा लक्षात ठेवा. कव्हर घालून खेळत असाल तर कव्हरसकटच करून बघा, कारण पकड बदलते.

आता सेटिंग्जमधल्या कंट्रोल्समध्ये जा. ऑन-स्क्रीन टच कंट्रोल्स चालू आहेत ना ते बघा आणि टच कंट्रोल लेआउट एडिट करायचा पर्याय उघडा. ‘मूव्ह’ निवडलेलं असताना कुठलंही बटण बोटाने ओढून हलवता येतं. पीएसपीचा पडदा ४८० बाय २७२ पिक्सेलचा, म्हणजे जवळपास १६:९. आजचे बरेच फोन २०:९ असतात. त्यामुळे चित्राच्या दोन्ही बाजूंना रुंदीच्या साधारण दहाव्या भागाएवढी काळी पट्टी उरते. ही जागा सोन्यासारखी आहे. डावीकडे दिशांची बटणं आणि अॅनालॉग स्टिक, उजवीकडे चार मुख्य बटणं (त्रिकोण, गोल, फुली, चौकोन), जमेल तेवढी या पट्ट्यांवर सरकवा. चित्र झाकलं जात नाही. अगदी कडेला मात्र चिकटवू नका. अँड्रॉइडमध्ये कडेवरून बोट सरकवलं की ‘मागे’ जाण्याची खूण होते आणि ऐन रंगात गेम थांबतो.

नंतर ‘रीसाइझ’ घ्या. खरी करामत इथे आहे. चार बटणांच्या गटावर बोट ठेवून वर-खाली ओढलं की आकार बदलतो, डावी-उजवीकडे ओढलं की बटणांमधलं अंतर बदलतं. हे अंतर गेमप्रमाणे ठरवा. शर्यतीच्या बऱ्याच गेममध्ये फुलीने वेग वाढतो आणि चौकोनाने ब्रेक लागतो. तिथे अंतर एवढं कमी करा की अंगठ्याचा मांसल भाग फुलीवर राहील आणि शेंडा नुसता कलला की चौकोन दाबला जाईल, अंगठा उचलावाच लागू नये. मारामारीच्या गेममध्ये नेमकं उलट करा. तिथे एका बटणाऐवजी दोन दाबली गेली की डाव गेला, म्हणून अंतर वाढवा.

याच पडद्यावरच्या ‘कस्टमाइझ’मधून नको ती बटणं लपवता येतात. ‘कस्टम’ बटणात एकापेक्षा जास्त बटणं एकत्र बांधता येतात. एल आणि आर (पीएसपीच्या वरच्या कडेची डावी-उजवी बटणं) एकदम दाबायचे असतील तर दोन्हींसाठी एकच बटण करा. एखादं बटण सतत दाबून धरावं लागत असेल तर त्याचं कस्टम बटण करून टॉगल लावा (एकदा दाबलं की दाबलेलंच राहतं, पुन्हा दाबलं की सुटतं), अंगठ्यावरचा ताण बराच कमी होतो.

बटणं सुरुवातीला ठळकच ठेवा. दोन-तीन दिवसांत जागा अंगवळणी पडल्या की ती फिकट करत न्या. हॅप्टिक फीडबॅक माझ्या मते जरूर चालू करावा. काचेवर न लागणाऱ्या कडेची थोडी भरपाई त्या कंपनाने होते.

हा लेआउट एकाच गेमपुरता हवा असेल तर मुख्य यादीत त्या गेमवर बोट दाबून धरा, त्या गेमसाठी वेगळं कॉन्फिग (फक्त त्या गेमची सेटिंग्ज) तयार करा आणि मगच बदल करा.

आता पाठ असलेली एखादी लेव्हल दहा मिनिटं खेळा. अंगठा दोनदा एकाच जागी चुकला की गेम थांबवून ते बटण चुकलेल्या दिशेला थोडंसं सरकवा. सगळं मनासारखं जमलं की लेआउटचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. ‘रीसेट’ चुकून दाबलं गेलं तर त्यावर बघून पाच मिनिटांत पुन्हा मांडता येईल.