मन सावरताना या चुका टाळा

इंदूरला भंवरकुव्याच्या क्लासेसमध्ये दोन-तीन वर्षं घालवूनही एमपीपीएससीच्या, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या, यादीत नाव आलं नाही, की रामबागेतल्या घरात सगळे मोठे एकच औषध देतात: "विसरून जा रे, विचारच करू नको." म्हणतात मायेनंच, पण उपाय उलटा पडतो.

1987 साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आलाच तर घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली. पुढे बंदी उठवल्यावर तर या मुलांच्या मनात अस्वल अधिकच येऊ लागलं. वेगनर यांनी याचं कारण असं मांडलं: विचार आला की नाही यावर पहारा ठेवायला मन तोच विचार हाताशी धरून बसतं.

म्हणून विचाराला हाकलू नका, वेळ द्या. संध्याकाळची पंधरा मिनिटं ठरवा. दिवसभरात काळजी डोकावली तर कागदावर एक ओळ खरडून ठेवा आणि कामाला लागा. त्या पंधरा मिनिटांत कागद काढून बघा, यातलं उद्या आपल्या हातात काय आहे. वेळ रात्री झोपायच्या तोंडाशी मात्र ठेवू नका. आणि मुलाशी बोलायचंच तर "पुढच्या वेळी होईल" म्हणण्याआधी त्याला नेमकं काय बोचतंय ते विचारा. बरेचदा निकालापेक्षा "काकांकडच्या मुंजीत सगळे विचारतील" हीच धास्ती मोठी असते, आणि तिच्यावर तोडगा काढता येतो.

दुसरी चूक याच्या अगदी उलट. मन मोकळं करायचं म्हणून मावशीला रोज तासभर फोन, आणि रोज तेच दळण: जाऊ काय म्हणाली, मग मी काय म्हणाले. फोन ठेवल्यावर पुढचं पाऊल सुचलं का, की राग आणखी चढला? राग चढत असेल तर "माझ्याच वाट्याला का" सोडून "नेमकं काय झालं, आता काय करू" इकडे वळा. बोलायला संकोच वाटत असेल तर लिहा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या 1986 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी मनातली जुनी दुखणी लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहिली. लिहिल्या-लिहिल्या त्यांना वाईटच वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. तेव्हा पहिल्याच दिवशी रडू आलं म्हणून वही मिटू नका.

झोपेबद्दल आपण इंदूरकर फारच बेफिकीर. सराफ्याच्या खाऊगल्लीत मध्यरात्री गराडू (तळलेला कंद), वर चहा, आणि सकाळी चिडचिड झाली की नशिबाला बोल! चहातलं निम्मं कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. सराफा सोडा असं मी म्हणणार नाही. रोजचा संध्याकाळनंतरचा चहा तेवढा सोडा.

"मूड आला की फिरायला जाईन" हेही नको. आधी चपला घाला. मूड बऱ्याचदा मागून येतो.

मात्र दोन आठवडे सतत उदास वाटतंय, भूक-झोप उडाली आहे, कशातच रस नाही, असं असेल तर घरगुती उपायांवर वेळ दवडू नका, डॉक्टर गाठा. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर त्याच दिवशी, आणि तोवर त्याला एकटं सोडू नका. 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास सुरू असतो, फोन मोफत आहे.