पॉइंट टू-टू रायफलसाठी गोळीचे वजन
स्वप्नील कुसळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्यात कांस्यपदक मिळवले, त्या 50 मीटर रायफल प्रकारात पॉइंट टू-टू, म्हणजे सुमारे 0.22 इंच व्यासाच्या नळीच्या रायफलसाठी सहसा 40 ग्रेन, म्हणजे सुमारे 2.6 ग्रॅम वजनाची शिशाची गोळी वापरतात. हलकी, वेगवान गोळी अधिक सरळ जाते असा नवख्यांचा समज असतो. परंतु ती ध्वनिवेगाहून जलद सुटून वाटेतच त्याखाली उतरते आणि त्या वेळी डळमळल्याने निशाणावरील छिद्रे पांगू शकतात. स्पर्धेची 40 ग्रेनची गोळी आरंभापासूनच ध्वनिवेगाखाली असते, शिवाय सोळा इंचांत एक फेरा देणारे नळीतले आटे (आतल्या सर्पिल खाचा) तिच्या लांबीला जुळतात. म्हणून वजन बदलण्यापेक्षा निरनिराळ्या लॉटमधील (एकाच वेळी बनवलेल्या खेपेतील) दहा-दहा गोळ्या, रायफल नीट टेकवून, आपल्याच नळीतून झाडून पाहाव्यात आणि ज्यांची छिद्रे दाटीने पडतील त्याच लॉटची खोकी घ्यावीत.