एअर रायफलचा स्कोप ओळंब्यावर सरळ बसवा

२० मीटरला छर्रा बरोबर बसतोय अन ४० ला गेलं की एका बाजूला सरकायलाय, असं असंल तर बऱ्याचदा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) रिंगमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या कड्यांमध्ये, तिरका बसलेला असतो. नुसत्या डोळ्यानं हे कळत नाही, गवंड्याचा ओळंबा लागतो.

१. रायफल रिकामी करून (आत छर्रा नको) वाळूच्या पोत्यांवर ठेवा, स्कोपच्या रेलवर (रिंगा बसतात त्या पट्टीवर) आडवी छोटी पाणसळ ठेवून बुडबुडा मधात आणा.
२. रिंगचे स्क्रू ढिले करा. डोळे मिटून दस्त्याला गाल लावा अन मग उघडा, कडंला काळं वर्तुळ दिसलं तर स्कोप मागं-पुढं सरकवा.
३. १५-२० मीटरवर लिंबाच्या फांदीला ओळंबा टांगा, वारं पडलेलं पाहिजे, अन स्कोपमधली उभी रेघ दोरीवर तंतोतंत बसंपर्यंत स्कोप फिरवा.
४. स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळा, एकच बाजू आवळली की स्कोप परत फिरतो, इथंच सगळे घाई करतात.

मग झिरो करा, म्हणजे नेम धरलाय तिथंच छर्रा लागंल असं स्कोपचे खटके (क्लिक) फिरवून जुळवा. पाव एमओएच्या (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) स्कोपचा नेम २५ मीटरला एका क्लिकला २ मिमीपेक्षा जरा कमीच सरकतो, म्हणजे २ सेंमीला साधारण ११ क्लिक.

नवा घेणार असाल तर स्प्रिंगच्या रायफलला एअरगनसाठीचाच घ्या, तिचा धक्का दोन्हीकडून बसतो, साधा स्कोप आतून खिळखिळा होतो. फोकस १० यार्डापासून जुळणारा बघा.

टार्गेटमागं मातीचा ढिगारा पाहिजेच. अन हे कागदावरच्या नेमबाजीसाठी हाय बरं का, मोर-तितरावर रोखलं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा हाय.