एजन्सीकडून माणसं घेताय? आधी हा हिशोब करा

कामगार पुरवणाऱ्या एजन्सीकडून माणसं घेताना त्यांना कर्जात अडकवून सक्तीने राबवलं जात नाही ना, हे बघायला हवं. त्यामुळे एजन्सीचा रेट फारच स्वस्त वाटला तर लगेच खूश होऊ नका, एक्सेल उघडा आणि बेरीज करा. कायद्याने ठरलेला किमान पगार, ओव्हरटाइम, सुट्टीचे पैसे, विमा, मालकाने भरायचे बाकीचे हप्ते आणि वर एजन्सीचं कमिशन. ही बेरीज त्यांच्या रेटपेक्षा जास्त आली तर मधला फरक कोणीतरी भरतंय, आणि एजन्सीचा मालक तर तो भरत नसणार. परचेसवाल्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड, कारण स्वस्त कोटेशन आणलं की त्यांना शाबासकी मिळते.

मग येतो खरा प्रश्न, ही नोकरी मिळवायला कामगाराने किती पैसे मोजले. आयएलओचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं, १९९७चं १८१ नंबरचं कन्व्हेन्शन (आंतरराष्ट्रीय करार) आहे, त्यात थोडे अपवाद सोडले तर स्पष्ट लिहिलंय की खासगी एजन्सीने कामगाराकडून फी घ्यायची नाही, थेट नाही आणि आडवळणाने पण नाही. आणि फी म्हणजे काय याची त्यांची २०१९ची व्याख्या आहे त्यात मेडिकल, विमा, स्किल टेस्ट, ट्रेनिंग, युनिफॉर्म, प्रवास, कागदपत्रं असं सगळंच येतं. त्यामुळे एजन्सी "आम्ही एक पैसा घेत नाही" म्हणाली तरी मेडिकलच्या नावाने किती घेतले ते विचारा.

विचारायचं कसं ते महत्त्वाचं आहे. "फी दिली का?" असं विचारलंत तर "नाही सर" हेच उत्तर येणार, कारण तसं सांगायचं आधीच पढवलेलं असतं. त्यापेक्षा विचारा, इथे येऊन कामाला लागेपर्यंत एकूण खर्च किती झाला, ते पैसे कुठून आणले, अजून कोणाचे द्यायचेत, कामाबद्दल पहिल्यांदा कोणी सांगितलं. शेवटच्या प्रश्नात बऱ्याचदा असा दलाल निघतो ज्याचं नाव तुमच्या कुठल्याच करारात नसतं. हे बोलणं सुपरवायझर आणि एजन्सीचा माणूस समोर नसताना, कामगाराच्या भाषेत, आणि दुभाषा एजन्सीचा नको, नाहीतर विचारून काही उपयोग नाही.

पेरोलची शीट पण बघा, पगार खरंच कामगाराच्याच हातात पडतोय का याचा अंदाज येतो आणि फार वेळ लागत नाही. बँक खात्याच्या नंबरने सॉर्ट करा, मग पत्ता, मग मोबाइल. चार-पाच जणांचा पगार एकाच खात्यात जातोय, एकाच छोट्या घराच्या पत्त्यावर डझनभर लोक, सगळ्यांचे फॉर्म एकाच अक्षरात, असं दिसलं तर थांबा. नवरा-बायकोचं जॉइंट खातं असू शकतं, त्यामुळे लगेच आरोप नको, पण चौकशी हवीच.

पासपोर्ट किंवा ओळखपत्र बघितलं, कॉपी काढली, की तिथल्या तिथे परत द्या. "हरवू नये म्हणून आम्ही सांभाळतो" हे ऐकायला काळजीचं वाटतं पण कागदपत्रं काढून घेणं हे आयएलओच्या सक्तीच्या मजुरीच्या ११ लक्षणांपैकी एक आहे, कर्जात अडकवणं आणि पगार अडवून ठेवणं पण त्याच यादीत. सांभाळायचंच असेल तर लॉकर द्या, किल्ली त्याच्याकडेच.

करार त्याला वाचता येईल अशा भाषेत, घर सोडायच्या आधी हातात पडला पाहिजे. जॉइनिंगच्या दिवशी तोच कागद समोर ठेवून पगार, तास, कपात एकेक ताडून बघा, कारण निघताना एक करार आणि पोचल्यावर दुसरा हा खूप जुना खेळ आहे.

आता समजा काही सापडलं. पहिला फोन एजन्सीला करू नका प्लीज, तसं केलं की ती माणसं रातोरात हलवली जातात किंवा घरच्यांना धमक्या जातात. जिवाला धोका वाटला तर पोलीस, नाहीतर कामगार खातं किंवा मानवी तस्करीविरोधी हेल्पलाइन, आणि पुढे काय करायचं ते त्या कामगाराला विचारून. त्याला कामावरून काढणं म्हणजे तर कहर, कर्ज डोक्यावर तसंच आणि पगार बंद. एजन्सीचा करार तोडायचा असला तरी आधी या लोकांना तुमच्या थेट पेरोलवर घेता येतं का बघा. त्यांनी भरलेली फी कंपनीने परत करायची, पावती नसली तरी, कारण असल्या पैशांची पावती कोण देतं? नंतर ती एजन्सीकडून वसूल करा, आणि तसा क्लॉज करारात पहिल्या दिवसापासूनच असू द्या.