संस्थेची स्वतःची वास्तू: नकाशा काढण्याआधी आणि नंतर

एखादी सेवाभावी संस्था वर्षानुवर्षं भाड्याच्या खोल्यांतून काम करते, दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवते, आणि एके दिवशी कुणीतरी जागा देऊ करतं. विश्वस्तांचे चेहरे उजळतात, दुसऱ्याच आठवड्यात नकाशे येतात. ती जागा आपल्या कामाला पुरेल का, झेपेल का, हे मात्र कुणी विचारलेलं नसतं. पुढची बहुतेक ओढाताण या घाईतून निघते. तुम्ही विश्वस्त असा, संस्थेला मदत करणारे आर्किटेक्ट असा किंवा हिशेब पाहणारे, खालचा क्रम शक्यतो मोडू नका.

आधी काम, मग जागा

पहिल्या बैठकीत जागेचा विषय काढूच नका. येत्या दहा वर्षांत आपण कुणासाठी काय करणार आहोत, एवढंच बोला. मग दोन आठवडे प्रत्येक खोलीच्या दारावर एक कागद लावा आणि ती कधी, किती तास, किती माणसं वापरतात ते लिहायला लावा. सभागृह आठवड्यातून चार तास उघडतं आणि समुपदेशनाच्या एकाच खोलीसाठी रोज ताटकळावं लागतं, असं काहीतरी हमखास निघतं. कधी नुसतं वेळापत्रक बदलून प्रश्न सुटतो. तसं झालं, तर बांधकाम न करण्याचा निर्णय मनापासून घ्या.

जागा खरंच लागणार असेल, तर खोल्यांची यादी करा आणि प्रत्येकीपुढे क्षेत्रफळ लिहा. मात्र खोल्यांची बेरीज म्हणजे इमारत नव्हे. वापराच्या खोल्या ४,००० चौरस फूट भरल्या, तर जिने, व्हरांडे, स्वच्छतागृहं आणि भिंतींची जाडी धरून इमारत साधारण ५,२०० ते ५,६०० चौरस फुटांची होते. अंदाजपत्रक पहिल्या आकड्यावर बेतलं, की ते बांधकाम सुरू होण्याआधीच कोलमडतं.

नकाशाचा कच्चा आराखडा हाती आला, की तो मोकळ्या जागेत फक्कीने खऱ्या मापात आखा. एका समुपदेशन केंद्राच्या वेळी आम्ही असं केलं. खुर्च्या मांडल्या, रोज येणाऱ्या दोघींना आत बसवलं. त्यातली एक म्हणाली, "बाहेर बसलेल्या सगळ्यांना मी आत जाताना दिसणार की!" कागदावर सुबक दिसणारं ते दार आम्ही त्याच संध्याकाळी मागच्या बाजूला हलवलं. व्हीलचेअर वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, तीही अशा आखणीतच डोळ्यांना पटते.

चालवायचा खर्च

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि तीच सर्रास वगळली जाते. इमारत बांधायला देणगी मिळते. लिफ्टच्या वार्षिक देखभालीला कुणी देणगी देत नाही. म्हणून बांधकामाच्या अंदाजपत्रकाआधी इमारत सुरू झाल्यावरच्या पाच वर्षांचा जमाखर्च मांडा: वीज, पाणी, कर, विमा, सफाई, पहारा, दुरुस्ती. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने सार्वजनिक इमारतींसाठी १९९० मध्ये एक ठोकताळा दिला होता. इमारत आज नव्याने उभारायला जो खर्च येईल, त्याच्या २ ते ४ टक्के रक्कम दरवर्षी देखभाल-दुरुस्तीसाठी काढावी. हा आकडा विश्वस्तांपुढे ठेवा आणि तो कुठून येणार ते नावानिशी लिहून घ्या. शिवाय छप्पर, पंप, लिफ्ट कधीतरी बदलावे लागणारच. त्यासाठीचा राखीव निधी देणगीच्या पहिल्या आवाहनातच मागा, नंतर तो कोणी देत नाही.

इमारतीचा काही भाग उत्पन्नासाठी ठेवता येतो. लंडनच्या कॉइन स्ट्रीटवर रहिवाशांच्या संस्थेने १९८४ मध्ये १३ एकर जागा मिळवली. तिथल्या ऑक्सो टॉवर व्हार्फमध्ये सहकारी घरं आहेत, त्याच इमारतीत दुकानं, कारागिरांचे गाळे आणि वरच्या मजल्यावर उपाहारगृह. पण भाडेकरू मिळेलच असं धरून चालू नका. ती जागा एक वर्ष रिकामी राहिली तर काय, हे गणितही करून ठेवा.

जागा पाहताना

विकत, दीर्घ भाडेपट्ट्याने, दान म्हणून किंवा दोन-तीन संस्थांनी मिळून, चारही वाटा तपासा. मालकीचे कागद, बोजा, मंजूर वापर आणि रस्ता हे स्वतंत्र वकिलाकडून पाहून घ्या. देणाऱ्याच्या वकिलावर विसंबू नका. दानपत्रात "अमुक कामासाठीच" किंवा "तसं न झाल्यास परत" अशी अट आहे का ते वाचा. भाडेपट्ट्याची मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा बरीच लांब हवी.

पैसा

व्यवहार्यता तपासणी, माती परीक्षण, आराखडे, परवानग्या यांचा खर्च सगळ्यात आधी येतो आणि त्यालाच पैसे मिळणं सगळ्यात अवघड जातं, कारण दाखवायला एक वीटही नसते. हा पैसा वेगळा उभा करा. अनपेक्षित खर्चासाठी नव्या बांधकामात निदान १० टक्के आणि जुनी इमारत दुरुस्त करताना १५ ते २० टक्के बाजूला ठेवा. जुन्या भिंतीत काय दडलंय ते फोडल्याशिवाय कळत नाही. ती रक्कम भारी फरश्यांवर उधळू नका. देणगीची आश्वासनं आणि खात्यात जमा झालेली रक्कम हे दोन रकाने कायम वेगळे ठेवा.

कर्ज शेवटी. खर्च वजा जाता उरणारं उत्पन्न हप्त्याच्या किमान सव्वापट असावं. अमेरिकेतल्या जॉर्जियात १९६९ मध्ये कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी न्यू कम्युनिटीज ही सामुदायिक भूमी-न्यासाची, म्हणजे जमिनीची मालकी समुदायाच्या वतीने स्वतःकडे ठेवणारी, पहिली संस्था उभारली, सुमारे ५,७०० एकरांवर. दुष्काळ पडला, सरकारी कर्ज देताना भेदभाव झाला, आणि १९८५ मध्ये तारण असलेली ती सगळी जमीन हातची गेली. पुढे त्यांना भरपाई मिळाली, ती जमीन मात्र परत आली नाही. कामाची मूळ जागा तारण ठेवण्याआधी हे आठवा.

बांधकाम आणि ताबा

तीन ते पाच जणांची समिती नेमा. कंत्राटदाराशी बोलणारा माणूस मात्र एकच. साईटवर आलेल्या प्रत्येक विश्वस्ताने एकेक सूचना दिली, की खर्च हाताबाहेर जातो. विश्वस्तांपैकी कुणाचा नातेवाईक निविदा भरत असेल, तर त्या विश्वस्ताने तसं लेखी कळवावं आणि निर्णयातून बाजूला व्हावं. प्रत्येक बदल लेखी, त्याच्या किमतीसह. बिल आर्किटेक्टने प्रमाणित केल्यावरच द्या आणि त्यातली काही रक्कम दोषदायित्वाचा काळ, म्हणजे बांधकामातले दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपेपर्यंत राखून ठेवा.

किल्ल्या घेताना उरलेल्या कामांची यादी दोघांच्या सह्यांनी करा. पंप, वायरिंग, नळजोडण्यांचे नकाशे ताब्यात घ्या. दोषदायित्वाची मुदत एक वर्षाची असेल, तर अकराव्या महिन्यात वही घेऊन पुन्हा प्रत्येक खोलीत जा. ओल, तडे, अडकणारी दारं, गळणारे नळ, सगळं लिहा आणि मुदत संपायच्या आत कंत्राटदाराला लेखी कळवा.