लहान-मोठे मासे एकाच टाकीत ठेवताना

दुकानात दिसणारा मासा बहुधा पिल्लू असतो, त्यामुळे सोबत ठरवताना त्याची पूर्ण वाढ विचारात घ्यावी. दोन बोटांएवढा ऑस्कर वर्षभरात वीतभर होतो आणि पुढे 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. ‘काच साफ करतो’ म्हणून हमखास गळ्यात मारला जाणारा सकर 40 सेंटिमीटरही गाठतो, तर ‘शार्क’ या नावाने खपणारा पंगासियस मीटरभर वाढणारा नदीतला मासा आहे. घरातल्या तीन फुटी टाकीसाठी हे तिन्ही पहिल्याच फेरीत बाद करावेत.

त्यानंतर पाहायचे ते तोंड. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो, तो आज ना उद्या त्याच्या पोटात जातो, मग मोठा मासा कितीही गरीब दिसो. एंजल शांत म्हणून ओळखला जातो. तरीही त्याची उंची वाढली की जेमतेम 3 ते 4 सेंटिमीटरचे सडपातळ निऑन टेट्रा त्याला खाद्यच वाटतात. माझ्या टाकीतले सहा निऑन असेच एकेक करून नाहीसे झाले आणि मी मात्र आठवडाभर फिल्टर उघडून त्यांचा शोध घेत होतो.

आकार जुळला तरी स्वभाव जुळेलच असे नाही. टायगर बार्ब एंजलपेक्षा लहान असूनही त्याचे लांब पर कुरतडतो; आठ-दहांचा थवा ठेवल्यास त्यांची भांडणे बरीचशी आपापसांत राहतात, पण लांब परांच्या माशांसोबत त्यांना न ठेवणेच शहाणपणाचे. गोल्डफिशला तुलनेने थंड पाणी मानवते आणि तो घाणही फार करतो, म्हणून त्याचा संसार वेगळाच मांडावा.

3 फूट लांब, 1 फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत हिशेबाने 127 लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात शंभरेक लिटर उरते. एवढ्या पाण्यात 10 ते 12 सेंटिमीटर वाढणाऱ्या पर्ल गुरामीचा एक नर व दोन माद्या, मधल्या थरात आठ-दहा हार्लेक्विन रासबोरा आणि तळाशी बारीक वाळूवर सहा कॉरी हा मेळ मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण तिघांचेही वावरण्याचे थर बहुतांशी वेगळे आहेत आणि 25 अंशांच्या आसपासचे पाणी तिघांनाही चालते. कोल्हापुरात हिवाळ्याच्या पहाटे पारा बराच उतरतो, त्यामुळे थर्मोस्टॅटचा हीटर हवाच. नळाचे पाणी क्लोरीन घालवल्याखेरीज टाकीत ओतू नये.

फिल्टर चार ते सहा आठवडे चालवून त्यात उपयुक्त जिवाणू रुजल्यावर आधी लहान मासे सोडावेत आणि ते सरावले की मोठे. आधी आलेला मोठा मासा सगळी टाकी आपली समजतो. पाठलाग थांबत नसेल, तर दांडगा मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या ओळखीच्या माणसाकडे सोपवावा. रंकाळ्यात किंवा पंचगंगेत त्याला कदापि सोडू नये, कारण सकरसारखे परदेशी मासे तिथे तगले की स्थानिक माशांच्या मुळावर उठतात.